जाणवला का, बाई?

जीवनला रागवायला कारण लागायचं नाही. डहाणू रोडला गाडीतून उतरलं की तलासरीची जीप माणसं कोंबून भरल्याशिवाय हलायची नाही, त्याचा राग. कचेरीत पोचलं की पंखा त्याचं टेबल सोडून सगळ्यांना वारा घालायचा, त्याचा राग. संध्याकाळी वाणगावला घरी परतलं की आई मोबाइलवर कुठल्यातरी मुलीचा फोटो काढून दारातच उभी, त्याचा तर फारच राग. रेल्वेतून निवृत्त झालेले वडील म्हणायचे, "याला मुलगी नको, कान बघा दोन." त्यावरही तो जेवणभर भांडायचा. तिशी ओलांडलेला, अंगाने काटक आणि एका जागी दहा मिनिटं न टिकणारा हा कनिष्ठ लिपिक तलासरीतल्या एका सरकारी कचेरीत आलेल्या टपालावर शिक्के मारायचा आणि आपण इथे फुकट चाललो आहोत असं मनापासून मानायचा.

अशा माणसाच्या पायाखालची जमीन दोन हजार अठराच्या नोव्हेंबरात हलू लागली.

दिवाळी आटपते न आटपते तोच डहाणू-तलासरीकडे धक्के सुरू झाले. आधी आवाज यायचा, खडीचा ट्रक रिकामा करावा तसा, आणि तो खालून यायचा. मग कपाटांची दारं वाजायची. माणसं ताटावरून उठून पळायची. थंडीचे दिवस, तरी पाडेच्या पाडे अंगणात झोपू लागले. गंमत अशी की कुडाची, शेणामातीने लिंपलेली घरं धक्क्यासरशी डुलायची आणि परत जागेवर यायची. तडे जायचे ते सिमेंटच्या भिंतींना, म्हणजे सरकारने बांधलेल्या. मुंबईहून साहेब लोक आले, यंत्रं बसवून गेले, "घाबरून जाऊ नका" असे फलक लावून गेले. फलक लावताना एक बारीकसा धक्का बसला तेव्हा फलक टाकून सगळ्यात आधी मोकळ्या जागेत कोण पोचलं ते जीवनने डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि पुढे महिनाभर तो ते भेटेल त्याला सांगत होता.

कचेरीत आपत्तीचं टेबल कुणालाच नको होतं. अव्वल कारकून गोपीनाथभाऊ सेवानिवृत्तीला टेकलेले आणि बेरकी. त्यांनी ते जीवनच्या गळ्यात अडकवलं.

"तुला एवीतेवी बसवत नाही. धक्का बसला की सगळे बाहेर पळतील, तू फोनकडे पळ."

काम सोपं होतं. धक्का बसला की ठरलेल्या प्रत्येक गावातल्या एका माणसाला फोन लावायचा. जाणवला का? पडझड? कुणी जखमी? विचारून झालं की सगळं एकत्र करून वरती कळवायचं. काही नसेल तर एकच शब्द लिहायचा, निरंक. पहिल्या आठवड्यातच जीवनला त्या शब्दाची शिसारी आली. पोरंबाळं दवात कुडकुडतायत, बाया चूल सोडून पळतायत, आणि आपण लिहितोय निरंक. कुणाच्या झोपेचं खोबरं झालं ते लिहायला रकानाच नाही, असं तो गोपीनाथभाऊंना ऐकवायचा. ते तंबाखू मळत म्हणायचे, "रकाना नाही तेच बरं. नाहीतर तुझं पान पुरलं नसतं."

झरीच्या अंगाला एक पाडा आहे. तिथल्या शाळेवरच्या निर्मलाबाई हे त्या बाजूचं फोन करायचं माणूस. मूळच्या डहाणूच्या, पण आठवडाभर झरीतच खोली घेऊन राहणाऱ्या. बाकीची गावं जीवनला कंटाळा आणायची. कुणी फोन उचलायचं नाही, कुणी उचलून धक्क्याऐवजी रेशनचं विचारायचं. निर्मलाबाई पहिल्या रिंगला फोन घ्यायच्या आणि न घाबरता, न फुगवता सांगायच्या. "जाणवला. जोरात होता. वर्गाला दार एकच, पण पोरं बाहेर आहेत, कुणाला लागलं नाही. तुमच्याकडे?"

तुमच्याकडे? साऱ्या तालुक्यात हा प्रश्न जीवनला दुसऱ्या कुणी विचारला नव्हता. "आमच्याकडे कपाट वाजलं," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर आपण किती बावळटासारखं बोललो याचा राग त्याने चहावर काढला.

डिसेंबर संपेपर्यंत त्याची दशा वाईट झाली होती. धक्का बसला की बाकीचे जिन्याकडे पळायचे आणि याच्या छातीत भलतंच काही सुरू व्हायचं. नियमाने क्रम लावला तर झरी खाली कुठेतरी होती, पण याने ती वरती आणून ठेवली. फोनमागचे आवाज त्याला पाठ झाले. पाढे म्हणणारी पोरं, कोंबड्यांना हाकलणारी कुणी म्हातारी, बादली आपटल्याचा आवाज. निर्मलाबाईंना सर्दी झाली की याला कळायचं. एकदा पोरांना पोटभर भात मिळाला म्हणून त्या खुशीत होत्या, तेव्हा हा दिवसभर कुणाशी भांडला नाही. गोपीनाथभाऊंनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं.

दुःख एकच होतं. त्या त्याला भाऊसाहेब म्हणायच्या. कचेरीतल्या कारकुनाला इकडे सगळेच तसं म्हणतात, त्यात त्यांचा काय दोष? पण प्रेमात पडलेल्या माणसाने दिवसातून दोनदा ते ऐकावं, ही शिक्षा कोणत्या गुन्ह्याची?

जानेवारीत बाईंनी तड्याचं सांगितलं. फळ्याच्या मागच्या भिंतीला वरून खालपर्यंत तडा गेला होता. आधी केसाएवढा होता, आता त्यात पोरं खडू अडकवतात. "वर्ग एकच आहे, भाऊसाहेब. बसवू कुठे यांना? एखादा तंबू मिळाला तर बाहेर शाळा भरवीन." जीवनने शब्दन् शब्द लिहिला. कचेरीतल्या साहेबांनी तो वाचला, लाल पेनाने खोडला आणि वरती निरंक लिहिलं.

"तडा म्हणजे पडझड नव्हे," साहेब म्हणाले. "पडलं की लिहा."

जीवनच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पडलं की लिहा! म्हणजे पोरांच्या अंगावर आधी भिंत येऊ द्या, मग तुम्हाला रकाना सापडेल. तो साहेबांच्या खोलीबाहेर येऊन हे एवढ्या मोठ्याने बोलला की आतला पंखा बंद झाला. साहेबांनी त्याला परत बोलावून पुढच्या बदल्या पार डोंगरात, मोखाड्याकडे आहेत एवढंच सांगितलं.

पण याच रागीट माणसाने एक गोष्ट केली, ती सांगितली पाहिजे. पुढच्या फोनवर निर्मलाबाईंनी विचारलं, "तंबूचं काय झालं?" तेव्हा "खोडलं साहेबांनी" हे सांगायला त्याची जीभ वळली नाही. "कळवलंय वरती," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून बरं आहे." ते वाक्य घेऊन तो त्या संध्याकाळी वाणगावपर्यंत लोकलच्या दारात उभा राहून गेला आणि कुणाचा धक्का लागला तरी ओरडला नाही. त्यानंतर प्रत्येक वेळी तेच. तडा वाढत होता, साहेब खोडत होते, आणि हा गोड आवाजात सांगत होता, कळवलंय वरती.

फेब्रुवारीत धक्के थांबले. चार दिवस गेले, आठवडा गेला. लोक पुन्हा घरात झोपू लागले, बायांनी चुली आत नेल्या. तलासरीच्या बाजारात माणसं हसून बोलू लागली, आणि एका जीवनचं तोंड उतरलं. धक्का नाही म्हणजे फोन नाही. धक्का नसताना फोन करायचा तर काय म्हणून करायचा? बाई, जेवलात का? एवढं विचारायला छाती लागते, आणि साहेबांवर ओरडणाऱ्या या गड्यापाशी नेमकी तीच नव्हती. त्याला जमिनीचा राग आला. एवढे दिवस हलत होतीस, आताच काय झालं तुला?

दहाव्या दिवशी दुपारी त्याने झरीला फोन लावला.

"भाऊसाहेब?" बाईंचा आवाज दचकलेला. "काय झालं?"

काही नाही, सहज केला, असं म्हणायचं त्याने घोकून ठेवलं होतं. ऐनवेळी तोंडातून निघालं ते रोजचंच. "जाणवला का, बाई?"

क्षणभर पलीकडे पाढे थांबले. मग बाई पोरांना काहीतरी ओरडून म्हणाल्या, बाकं सरकल्याचा आवाज आला, एकच कल्ला झाला आणि फोन बंद पडला. त्याने पुन्हा लावला. लागला नाही.

संध्याकाळी पाड्यावरचा पोलीस पाटील बाबल्या याचा फोन आला. पाड्यावरच्या माणसांचा समज साधा होता, आणि तो कचेरीनेच करून दिलेला होता. यंत्रं सरकारकडे आहेत, तेव्हा आपल्याला जाणवण्याआधी सरकारला कळणार. आपल्याला काही जाणवलेलं नाही आणि तरी कचेरीतून फोन आला, म्हणजे मोठा येतोय. निर्मलाबाईंनी पोरं बाहेर पळवली. वर्गाला दार एक. दुसरीतली हिरू त्यात खाली पडली, तिच्यावर दोघंतिघं पडली, आणि तिचा हात मोडला. "डहानूला नेली प्लास्टर कराया," बाबल्या म्हणाला. "पन तुमी कळवलं, बरं झालं साहेब. मोठा बाजूनी गेला, नायतर आत घावली असती पोरां."

रात्री आईने फोटो दाखवला तेव्हा जीवनने तो नीट पाहिला आणि न भांडता मोबाइल परत दिला. आई घाबरली.

दुसऱ्या दिवशी साहेब भलतेच कामाला लागले. जखमी! डहाणूच्या दवाखान्यातून बातमी गेली होती आणि वरून विचारणा झाली होती. साहेबांनी स्वतः मजकूर सांगितला. भूकंपाच्या धक्क्याने शाळेतील एक विद्यार्थिनी जखमी, इमारत धोकादायक, तंबू तातडीने मंजूर व्हावा.

"साहेब, काल धक्का नव्हता."

"मग पोरगी कशाने पडली?"

जीवनने सांगितलं. सगळं नाही, फोन चुकून केला एवढंच. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे पहिल्यांदाच जरा आपुलकीने पाहिलं. "तंबू हवा होता ना तुला? मिळाला. आता तोंड बंद ठेव. दोघांचीही नोकरी राहील." आणि जीवनच्याच हाताने तो मजकूर वरती गेला. महिनाभर खरा तडा लिहून तो खोडला जात होता, आणि न झालेला धक्का लिहिला तर दोन तासांत सही होऊन आली. या कारभाराला काय म्हणावं? शिव्या त्याला पुष्कळ येत होत्या. पण त्या दिवशी एकही तोंडात बसेना, कारण प्रत्येक शिवीच्या वाटेत तो स्वतःच उभा होता.

तंबू पोचवायला कचेरीतून कुणीतरी जायचं होतं. जीवन गेला. झरी सोडली की गाडी कच्च्या रस्त्याला लागते. कापलेल्या भाताची खुंटं, गवताच्या रचलेल्या गंज्या, उन्हात वाळत टाकलेली मिरची. पाड्यावर माणसं त्याची वाट बघत होती. बाबल्याने त्याला खाटेवर बसवलं, ताडीचा लोटा पुढे केला. बाया लांबून बघत होत्या. हा फोनवाला, याने पोरं वाचवली. एका म्हातारीने त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली.

मग निर्मलाबाई आल्या. आवाजावरून त्याने उंच, भारदस्त बाई मनात बांधली होती. या ठेंगण्या होत्या, सावळ्या, केसांना खडूची पांढरी पूड लागलेली, आणि हसताना डोळे मिटणाऱ्या. जीवनला वाटलं, मनातली ती बाई कुणाला हवी होती?

"बघा तरी," म्हणत त्यांनी त्याला वर्गात नेलं. तडा त्याने पाहिला. त्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं. महिनाभर आपण हा फोनवरून ऐकत होतो आणि कळवलंय म्हणत होतो. दारात हिरू उभी होती, हात गळ्यात बांधलेला, आणि प्लास्टरवर पोरांनी पेनाने कोंबडी काढलेली. ती त्याच्याकडे बघून लाजून हसली.

"हाड जुळून येईल," बाई म्हणाल्या. "तुमचा फोन नसता तर... मी रात्रभर त्याचाच विचार करत होते. सगळे एवढे महिने नुसतं विचारतात, तुम्ही एकट्याने आधी सांगितलंत. आता मी ठरवलंय, धक्का जाणवो न जाणवो, तुमचा फोन आला की पोरं बाहेर. मागचापुढचा विचार नाही." मग जरा थांबून, नजर दुसरीकडे वळवून त्या म्हणाल्या, "तुमचं नाव काय हो? भाऊसाहेब भाऊसाहेब करते मी, नावच विचारलं नाही कधी."

एवढ्या महिन्यांत त्याने जे जे मागितलं होतं ते समोर वाढून ठेवलेलं होतं. नुसतं नाव सांगायचं होतं. पुढचं झालं असतं. आईची कटकट मिटली असती, वडिलांना दोन कान मिळाले असते. गप्प राहायला साहेबांनी सांगितलंच होतं, आणि गप्प राहणं त्याला न जमणारं असलं तरी एवढ्यासाठी जमवता आलं असतं. पण फोन आला की पोरं बाहेर, हे बाईंनी एवढ्या विश्वासाने म्हटलं होतं, आणि दारात ती कोंबडी काढलेला हात घेऊन पोर उभी होती. जीवनला स्वतःचा असा राग आला की साहेबांचाही कधी आला नव्हता.

"जीवन," तो म्हणाला. "आणि बाई, त्या दिवशी धक्का नव्हता."

"म्हणजे?"

"यंत्रावर नव्हता, कुठेच नव्हता. मी उगाच फोन केला."

"उगाच म्हणजे का?"

"दहा दिवस फोन नव्हता. तुमचा आवाज ऐकायचा होता." एवढं सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. "आणि तंबूचंही. मी लिहायचो, साहेब खोडायचे. तुम्हाला मात्र कळवलंय कळवलंय म्हणायचो. तुम्ही बरं म्हणायचात, ते मला आवडायचं."

बाई ओरडल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. ओरडणं त्याच्या ओळखीचं होतं. त्या हिरूजवळ गेल्या, तिच्या गळ्यातली पट्टी सरळ केली, तिला बाहेर पाठवलं, आणि मग हळू आवाजात बोलल्या.

"या वर्गाला दार एक आहे. हे मी तुम्हाला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं."

"हो."

"मी रोज त्या दाराजवळ खुर्ची घेऊन बसते. थोरली पोरं आधी उठवायची का धाकटी, याची रोज मनात तालीम करते. आणि तुम्ही मला आवाज ऐकायला फोन करता? मला फोन करायचा होता तर करायचा होतात. म्हणायचं, बाई, बोलावंसं वाटलं. मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?" त्यांचे डोळे भरले, ते त्यांना मुळीच आवडलं नाही. "साहेब तुमचे खरं खोडतात, त्यांचं मला काही वाटत नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवलाच नव्हता."

तंबू उतरवून झाला होता. बाबल्याने थांबायचा आग्रह केला. जीवन थांबला नाही.

दोन दिवसांनी झरीच्या बाजूचा नंबर बदलल्याचं कळलं. निर्मलाबाईंच्या जागी आता बाबल्या. गोपीनाथभाऊंनी नवा नंबर जीवनसमोर ठेवला आणि प्रथमच काही चेष्टा केली नाही. जीवन शिक्के मारत होता. आई फोटो दाखवत होती. जीप भरल्याशिवाय हलत नव्हती, पण त्यावर भांडणारा माणूस मागच्या बाकावर गप्प बसून असायचा आणि जीपवाल्यालाच चुकल्यासारखं व्हायचं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात दुपारी कपाटाची दारं वाजली. फार नाही, पण वाजली. सगळे जिन्याकडे पळाले. जीवन फोनकडे गेला आणि क्रमाने गावं घेत झरीवर आला.

"बाबल्याभाऊ, जाणवला का?"

"आमाला तर काय जानवला नाय," बाबल्या म्हणाला. तो शाळेपाशीच असावा. मागे तंबूचं कापड वाऱ्याने फडफडत होतं आणि पोरं पाढे म्हणत होती. जीवन ऐकत राहिला. मग पाढे थांबले. बाबल्याने फोनवर हात ठेवला असावा, दबकं बोलणं ऐकू आलं, आणि तो परत फोनवर आला. "साहेब, बाई इचारतात, खरा हाय का?"

"खरा आहे," जीवन म्हणाला. "मी सांगतोय म्हणावं."

बाबल्याने ते तिकडे सांगितलं.

"तुमी सांगता म्हनूनच इचारलं, म्हनतात."

जीवनने बरं म्हटलं, फोन ठेवला आणि पुढच्या गावाचा नंबर लावला.